नारिंगी पूड आणि युद्धाचं बिल

(मंचाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. त्या दिवशी येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून इथे देत आहोत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. - संपादक)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पाण्यातल्या क्रोमियमवर बोला म्हणताहेत, कारण माझं संशोधन गेली बरीच वर्षं जड धातूंवरच चाललंय. मी लगेच हो म्हणून टाकलं. नंतर कळलं की त्यांना "युद्ध आणि नफेखोरी" हा विषय हवा होता. आता दिलेला शब्द मोडायचा कसा? पण दोन दिवस विचार केल्यावर लक्षात आलं की एकाच भाषणात दोन्ही बसतं. म्हणून सुरुवात क्रोमियमपासूनच करतो. केमिस्ट्री सोडून पंचवीस वर्षं झालेल्या आयटीवाल्या मंडळींनी घाबरू नये, पाचच मिनिटं.

सोडियम डायक्रोमेट हे दिसायला फार सुंदर रसायन आहे. लालसर नारिंगी स्फटिक असतात. लोखंडी पाइप गंजू नयेत म्हणून ते पाण्यात मिसळत असत. यातला क्रोमियम "सहा" या अवस्थेत असतो. क्रोमेटचा आयन आकाराने सल्फेटसारखा दिसतो, आणि सल्फेट तर पेशींना रोज लागतं. त्यामुळे पेशीचं दार त्याच्यासाठी आपोआप उघडतं. पाहुणा म्हणून आत शिरलेला हा गृहस्थ मग डीएनएची मोडतोड करतो. श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, याबद्दल आमच्या क्षेत्रात वाद नाही. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९० सालीच त्याला पहिल्या गटात टाकलं. २००० सालचा 'एरिन ब्रॉकोविच' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातलं पाणी याच क्रोमियमने बाटलं होतं.

आता बसऱ्याजवळ चला. तिथे कर्मत अली नावाचं पाणी शुद्ध करण्याचं केंद्र आहे. तेलाच्या विहिरींतला दाब टिकवण्यासाठी जमिनीत पाणी सोडावं लागतं, ते पाणी इथून जायचं. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या केबीआर कंपनीकडे हे केंद्र दुरुस्त करून चालू करण्याचं काम होतं. केबीआर तेव्हा हॅलिबर्टनची उपकंपनी होती. तिच्या माणसांना संरक्षण देण्यासाठी इंडियाना, ओरेगॉन आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या नॅशनल गार्डचे जवान नेमले होते. केंद्रात सोडियम डायक्रोमेटची फाटकी पोती पडलेली, पूड जमिनीवर पसरलेली, वाऱ्याबरोबर उडणारी. जवान तिथे बसले, जेवले. कोणाच्या नाकातून रक्त येऊ लागलं, कोणाला धाप लागू लागली. त्यांचं म्हणणं असं, की हे विष आहे हे आम्हाला वेळेवर कोणी सांगितलंच नाही. कंपनीचं म्हणणं असं, की ही घाण इराकी काळातली, आणि आम्हाला कळल्यावर आम्ही लष्कराला कळवलं.

एक गोष्ट शास्त्रज्ञ म्हणून सांगायलाच हवी. एखाद्या विशिष्ट माणसाचा आजार त्याच पुडीमुळे झाला, असं बोट ठेवून सांगता येत नाही. आमचं शास्त्र गर्दीबद्दल बोलतं, एकट्या माणसाबद्दल नाही. कंपन्यांचे वकील नेमके याच फटीत उभे राहतात.

तर ओरेगॉनचे १२ जवान कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पोर्टलंडच्या ज्युरीने कंपनीने निष्काळजीपणा केला असा निकाल दिला आणि एकूण सुमारे साडेआठ कोटी डॉलर भरपाई ठरवली. मात्र फसवणुकीचा आरोप मान्य केला नाही. पुढे वरच्या कोर्टाने तो निकालही रद्द केला. टेक्ससमधल्या कंपनीवर, इराकमधल्या घटनेसाठी, ओरेगॉनच्या कोर्टाचा अधिकारच चालत नाही म्हणून! पूड विषारी होती की नव्हती, या प्रश्नाला वरच्या कोर्टाने हातही लावला नाही.

पण मला झोप लागू न देणारी गोष्ट वेगळीच आहे. या खटल्याच्या ओघात कंत्राटातलं एक कलम बाहेर आलं, तोपर्यंत ते गोपनीय होतं. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: या कामात कोणी जखमी झालं, मेलं किंवा कोणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर कंपनीवर पडणारा बोजा अमेरिकन सरकार उचलेल. म्हणजे काम करायचं कंपनीने, नफा घ्यायचा कंपनीने, आणि तोंडावर आपटलं तर भरायचं तुम्ही-आम्ही. आपण सगळे एप्रिलमध्ये टॅक्स भरतो ना!

हे कंत्राट आलं कुठून? त्याचं नाव होतं 'रिस्टोअर इराकी ऑइल'. मार्च २००३ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, ते केबीआरला दिलं गेलं. टेंडर नाही, दुसऱ्या कोणाची बोली नाही. मर्यादा ७ अब्ज डॉलर, मुदत ५ वर्षं. स्पर्धा का नाही? तर इराकच्या तेलविहिरींचं काय करायचं याचा आराखडा २००२ च्या अखेरीस याच कंपनीकडून करून घेतला होता, सबब तो अंमलात आणायला तीच कंपनी योग्य! आपल्याकडे नगरपालिकेत टेंडरच्या अटी कंत्राटदाराच्या घरी बसून लिहिल्या जातात अशी कुजबुज असते. इथे कुजबुजायचीसुद्धा गरज पडली नाही. तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी हे १९९५ ते २००० या काळात हॅलिबर्टनचे प्रमुख होते, हे तुम्हाला आठवत असेलच. फोन त्यांनी केला की नाही यावर खूप शाई खर्च झाली. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. फोन न करताही ज्या व्यवस्थेत हे घडतं ती व्यवस्था जास्त वाईट.

या कंत्राटावर सही करणाऱ्यांत एक बाई होत्या, बनाटीन ग्रीनहाउस. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या खात्यातल्या कंत्राटांच्या त्या सर्वोच्च अधिकारी. युद्धाची निकड आहे म्हणून वर्षभराचं काम बिनस्पर्धेचं द्या, पण ५ वर्षं कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. वरिष्ठांनी ऐकलं नाही. तेव्हा बाईंनी सही केली, आणि सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात आपला आक्षेप लिहून ठेवला. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना यातली हिंमत कळेल. माझे वडील राज्य सरकारात हेडक्लार्क होते. ते म्हणायचे, फाइलवर शेरा मारणारा माणूस साहेबाला शिव्या देणाऱ्यापेक्षा जास्त त्रासदायक, कारण शिवी हवेत जाते आणि शेरा राहतो. जून २००५ मध्ये बाईंनी सिनेटच्या डेमोक्रॅट सदस्यांच्या समितीपुढे उघड साक्ष दिली. ऑगस्टमध्ये त्यांची पदावनती झाली, कारण दिलं 'कामगिरी असमाधानकारक'. त्या लढत राहिल्या. २०११ साली सरकारने ९ लाख ७० हजार डॉलर देऊन तडजोड केली, आणि त्या निवृत्त झाल्या.

आता पैसा कसा खाल्ला जातो याच्या यंत्राकडे वळू. आपल्या मनात भ्रष्टाचार म्हणजे सुटकेस. बोफोर्सपासून आपली कल्पनाशक्ती दलालीतच अडकली आहे. इराकमध्ये सुटकेसवालेही होते. कुवेतमध्ये बसून कंत्राटं वाटणाऱ्या मेजर जॉन कॉकरहॅमने ९६ लाख डॉलर लाच घेतली, आणि २००९ साली त्याला साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. पण असे लोक पकडले जातात. खरा माल कायदेशीर दारातून जातो.

सैन्याला जेवण, तंबू, धुलाई, इंधन पुरवण्याचं मोठं कंत्राट असतं, त्याला लॉगकॅप म्हणतात. डिसेंबर २००१ मध्ये त्याची तिसरी फेरी केबीआरला मिळाली. त्याची पद्धत 'खर्च अधिक फी' अशी. जो खर्च होईल तो सरकार भरून देणार, वर अंदाजित खर्चाच्या १ टक्का ठरलेली फी, आणि काम चांगलं झालं तर आणखी २ टक्क्यांपर्यंत बक्षीस. ऐकायला किती माफक! पण इथे काटकसर करणाऱ्याला काय मिळतं? काहीच नाही. खर्च वाढला की पुढचा अंदाज वाढतो, अंदाज वाढला की फी वाढते. घर बांधायला दिलेल्या गवंड्याला "सिमेंट लागेल तेवढं आण, वर दर पोत्यामागे तुला कमिशन" असं सांगून आपण अमेरिकेला निघून आलो, तर दोन वर्षांनी घराच्या जागी किल्ला सापडेल.

इराकमध्ये तेच झालं. कंपनीचा स्वतःचा एक खरेदी अधिकारी २००४ साली साक्षीत सांगून गेला की साधे टॉवेल चालले असते, पण कंपनीचं बोधचिन्ह भरतकामात काढलेले, जवळजवळ तिप्पट किमतीचे टॉवेल घेतले. कुवेतमधल्या एका छावणीत जुलै २००३ मध्ये रोज १४,००० जेवणं वाढली जात होती आणि बिल ४२,००० जेवणांचं लागत होतं, असं पेंटॅगॉनच्या हिशेबतपासनिसांना आढळलं. कुवेतहून इराकमध्ये पेट्रोल आणायचे गॅलनला २ डॉलर ६४ सेंट लावले. डिसेंबर २००३ मध्ये तपासनिसांनी सांगितलं की यात ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जादा आकारणी झालेली दिसते. म्हणजे ज्या देशात जमिनीखाली तेलाचा समुद्र आहे तिथे पेट्रोल आयात करायचं, आणि तेही या भावाने.

तपासनीस झोपले नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांनी तेलाच्या या कंत्राटातल्या २.४१ अब्ज डॉलरपैकी २६ कोटी ३० लाखांवर लाल शाई फिरवली. फेब्रुवारी २००६ मध्ये लष्कराने निर्णय घेतला: १ कोटी १ लाख कापू, बाकी देऊन टाकू. लॉगकॅपवर देखरेख करणारे लष्कराचे मुलकी अधिकारी चार्ल्स स्मिथ यांनी १ अब्ज डॉलरहून जास्त संशयास्पद खर्चाला मंजुरी द्यायचं नाकारलं, तर २००४ सालीच त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवला. लष्कराची अडचणही खरी होती म्हणा. बिलं रोखली आणि कंपनीने जेवणघरं बंद केली, तर दीड लाख सैनिकांना खायला कोण घालणार? स्वयंपाकी, ड्रायव्हर, धोबी हे सगळं लष्कराने केव्हाच बाहेर दिलेलं. ज्याच्या हातात कढई, त्याच्याच हातात मान.

आणि आमच्याकडची गंमत सांगू का? माझ्या संघीय अनुदानातून घेतलेल्या एका सेंट्रिफ्यूजची चिकटपट्टी निघून गेली म्हणून विद्यापीठाच्या लेखा विभागाशी मी तीन महिने पत्रव्यवहार करत होतो. त्याच देशाच्या सरकारने बगदादला विमानांतून शंभराच्या नोटा पाठवल्या. एकूण सुमारे १२ अब्ज डॉलर, वजन ३६३ टन. (हो, टन.) पैसा मुख्यतः इराकचाच, तेलाच्या विक्रीतून आलेला आणि गोठवलेल्या खात्यांतला. जानेवारी २००५ मध्ये खास महानिरीक्षक स्टुअर्ट बोवेन यांनी कळवलं की यातल्या ८.८ अब्जांचा नीट हिशेब नाही. पॉल ब्रेमर यांचं उत्तर असं की युद्धाचा काळ, इराकी मंत्रालयांना हिशेबाची पद्धतच नव्हती, पगार थांबवले असते तर आणखी रक्त सांडलं असतं. या उत्तरात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण हिल्ला इथल्या प्रशासनात ८ कोटी २० लाख डॉलर ज्याच्या ताब्यात दिले तो रॉबर्ट स्टाइन आधीच फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला होता, आणि हे नेमताना कोणी पाहिलं नाही. याला युद्धाचा काळ कारणीभूत कसा? स्टाइनला २००७ साली ९ वर्षांची शिक्षा झाली.

कस्टर बॅटल्स नावाच्या कंपनीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन तरुण माजी सैनिक, जवळजवळ नवी कंपनी, आणि २००३ साली बगदाद विमानतळाच्या सुरक्षेचं १ कोटी ६८ लाखांचं कंत्राट. विमानतळावर इराकी एअरवेजच्या फोर्कलिफ्ट बेवारस पडल्या होत्या. कंपनीच्या लोकांनी त्यांना नवा रंग फासला आणि आपण भाड्याने आणल्या म्हणून सरकारला बिल लावलं, असा आरोप झाला. मग ऑक्टोबर २००३ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांबरोबर बैठक झाली आणि निघताना कंपनीचा माणूस टेबलावर एक तक्ता विसरला. एका रकान्यात खरा खर्च ३७ लाख, दुसऱ्यात लावलेलं बिल ९८ लाख. पुढे दोघा माणसांनी सरकारच्या वतीने दावा लावला. मार्च २००६ मध्ये ज्युरीने सुमारे १ कोटी डॉलरचा निकाल दिला, आणि ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो फिरवला. कारण? बगदादमधलं हंगामी प्रशासन म्हणजे 'अमेरिकन सरकार' आहे हे सिद्ध झालं नाही! अमेरिकेने नेमलेलं, अमेरिकेने चालवलेलं, पण फसवलं गेलं तेव्हा कोणाचंच नव्हतं. २००९ साली अपील न्यायालयाने या दाव्यातला काही भाग पुन्हा जिवंत केला.

एका खाजगी माणसाला सरकारच्या वतीने असा दावा लावता येतो तो १८६३ च्या 'फॉल्स क्लेम्स ॲक्ट'मुळे. यादवी युद्धात लिंकनच्या सैन्याला कंत्राटदारांनी आजारी घोडे आणि बंदुकीच्या दारूऐवजी लाकडाचा भुसा विकला. चिंध्या पिंजून बनवलेल्या कापडाचे गणवेश पावसात विरघळले. त्या कापडाचं नाव होतं 'शॉडी', आणि इंग्रजीत तो शब्द निकृष्ट या अर्थाने रूढ व्हायला या गणवेशांनी मोठाच हातभार लावला. आपल्याकडे दख्खनमधल्या फौजांना वंजाऱ्यांचे तांडे धान्य पुरवायचे. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीची भिस्तही त्यांच्या बैलांवर होती. पुरवठादार खाजगी असणं हे नवीन नाही. नवीन काय असेल तर हिशेब मागणाऱ्याचा दुबळेपणा. १९४१ साली हॅरी ट्रूमन नावाच्या फारशा नाव नसलेल्या सिनेटरने केवळ १५,००० डॉलरच्या तरतुदीवर चौकशी समिती सुरू केली, तीही स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाच्या कारभाराची, ऐन युद्धात. तिने अब्जावधी डॉलर वाचवले असं मानलं जातं. इराकच्या वेळी अशी समिती उभी राहायला २००८ उजाडलं.

आता आपल्या माणसांकडे येतो. या छावण्यांत भांडी घासणारे, कपडे धुणारे कोण होते? नेपाळी, भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो. मूळ कंत्राट अमेरिकन कंपनीचं, तिच्याखाली कुवेतची किंवा जॉर्डनची उपकंत्राटदार कंपनी, तिच्याखाली भरती करणारा, त्याच्याखाली गावातला एजंट. प्रत्येक पायरीवर थोडं गळत जायचं. ऑगस्ट २००४ मध्ये १२ नेपाळी तरुण जॉर्डनमार्गे इराकमधल्या अमेरिकन तळाकडे नेले जात असताना अतिरेक्यांच्या हाती लागले आणि मारले गेले. डिसेंबर २००८ मध्ये बगदाद विमानतळाजवळच्या बिनखिडक्यांच्या गोदामांत सुमारे १००० दक्षिण आशियाई पुरुष सापडले. काहींना तिथे येऊन तीन महिने झाले होते. काम नाही, पगार नाही. त्यांना आणणारी कंपनी केबीआरची उपकंत्राटदार होती.

२००६ साली मुंबईला जाताना कुवेत विमानतळावर मला दापोली तालुक्यातले एक गृहस्थ भेटले. माझ्या हातातलं मराठी मासिक पाहून शेजारी येऊन बसले. एजंटाला एक लाख रुपये दिले होते, अर्धे बायकोचे दागिने गहाण टाकून. सांगितलं होतं कुवेतमधल्या हॉटेलात काम. पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि आठवड्याभरात ट्रकने सरहद्दीपलीकडे. भारत सरकारने २००४ मध्ये इराकला कामासाठी जायला बंदी घातली होती, त्यामुळे वकिलातीत तक्रार करायलाही ते घाबरत. पगार महिना चारशे डॉलर. मी विचारलं, "काका, तिथे बॉम्ब पडायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?" म्हणाले, "साहेबलोक बंकरात जायचे. आम्ही कांदा चिरायचो." मग हसले आणि मला विचारलं, तुम्ही अमेरिकेत कुठल्या कंपनीत? मी विद्यापीठ म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले.

ते "ठीक आहे" माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरं नाही. ऑगस्ट २०११ मध्ये युद्धकंत्राट आयोगाने अंतिम अहवाल दिला: इराक आणि अफगाणिस्तानातल्या सुमारे २०६ अब्ज डॉलरच्या कंत्राटांपैकी ३१ ते ६० अब्ज उधळपट्टीत आणि फसवणुकीत गेले. अफगाणिस्तानात तर सैन्याचा माल वाहणाऱ्या ट्रकवाल्यांकडून रस्त्यावरच्या सरदारांना हप्ता जात होता, आणि त्यातला काही तालिबानपर्यंत पोचत असावा, असं अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीनेच २०१० साली लिहिलं. म्हणजे दोन्ही बाजूंचा खर्च एकाच खिशातून. आणि हे शेअर आपल्या ४०१-के मधल्या इंडेक्स फंडांत आहेत. मी माझे तपासले. विकले का? प्रामाणिकपणे सांगतो, अजून नाही. बायकोशी यावरून दोन वेळा वाद झाला आणि दोन्ही वेळा तिचं म्हणणं बरोबर होतं. या खोलीतल्या निदान तिघांचा पगार संरक्षण खात्याच्या कंत्राटातून येतो, हेही मला माहीत आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. उलट उद्या टेबलावर विसरलेला तक्ता दिसला तर तो त्यांनाच दिसणार आहे.

त्यांच्यासाठी एक शेवटची माहिती. त्या १८६३ च्या कायद्यानुसार दावा यशस्वी झाला तर कळवणाऱ्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका संघीय न्यायाधीशांनी, आरोग्यविम्याच्या एका खटल्यात, खाजगी माणसाला असा दावा चालवू देणं हेच घटनाबाह्य ठरवलं. प्रकरण अपिलात गेलं. आपल्या मंचात चार वकील आहेत. पुढच्या सभेत त्यांच्यापैकी कोणीतरी यावर बोलावं, अशी माझी विनंती आहे. आता प्रश्न असतील तर विचारा, क्रोमियमवरचेही चालतील.